समासातला 'न'

फेब्रुवारी सरत आला की माझं डोकं आपोआप फिरतं. त्याला कुणी काही बोलावं लागत नाही. सकाळी पांघरुणातून निघवत नाही आणि दुपारी त्याच घराच्या भिंतींना हात लावला तर गरम लागतात. अंगणातला कडुनिंब पानं गाळत असतो. झाडून पाठ वळवावी, की मागे पुन्हा तेवढाच कचरा. बाजारात संत्र्यांचे ढीग बसत चाललेले असतात, रसवंतीवाले घुंगरू बांधून तयार होतात, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरातून कुणीतरी मोठ्याने पाठ करत असतं. आमच्या घरमालकांची धाकटी यंदा दहावीला आहे. भूमितीचं एकच प्रमेय ती तीन दिवस घोकते आहे आणि तिची आई दर थोड्या वेळाने दूध घेऊन तिच्या डोक्याशी उभी राहते. मी उठून मधली खिडकी लावून घेते.

"खिडकी काहून लावून राहिली? हवा येऊ दे नं," हे म्हणतात.

"धूळ येते," मी म्हणते. धूळ येते हे खोटं नाही. नागपुरात फाल्गुनात धूळ येतेच.

पण त्या घोकण्याच्या आवाजात मला दुसरा एक आवाज ऐकू यायला लागतो, तो मला नको असतो. आऱ्याचा आवाज. आमची शाळा लकडगंजात होती, एका लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीवर. खाली सागाचे ओंडके चिरायचा आरा, आणि वर, लाकडी जिना चढून गेलं की आमचे वर्ग. मोठी इमारत नाही, पटांगण नाही, घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. कुठल्याशा संस्थेने काढलेली लहानशी खासगी शाळा. मॅट्रिकच्या वर्गात इतकी कमी मुलं, की एखादा आला नाही तर बाक उघडा पडल्यासारखा दिसायचा. आरा सुरू झाला की गुरुजींनी फळ्यावर लिहायचं आणि आम्ही उतरवून घ्यायचं. बोलण्यात अर्थ नसायचा. जेवणाच्या सुटीत आरेवाले थांबले की एकदम कानात शांतता भरायची. आमची तोंडी परीक्षा नेहमी त्या शांततेत व्हायची. मग आम्ही डबे कधी खायचे, तर आरा पुन्हा सुरू झाल्यावर. इतर शाळांतल्या मुली आम्हाला हसायच्या. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट आमची शाळा वेगळी आहे याचा तोराच होता.

ताज्या सागाचा वास अजूनही कुठे आला तर मला आधी बरं वाटतं आणि मग राग येतो. हा क्रम कधी चुकत नाही.

हिवाळ्यात मॅट्रिकवाल्यांसाठी सकाळचा वर्ग असायचा. तो ढोक सर घ्यायचे. गणित आणि इंग्रजी दोन्ही त्यांच्याकडे. उंच, किडकिडीत, गळ्याभोवती मफलर, सायकलच्या दांडीला पिशवी. खालच्या टालीतून भुसा आणून ते स्वतः शेगडी भरायचे, मधोमध बाटली उभी धरून भुसा ठासायचे, मग बाटली अलगद काढून घ्यायचे. त्या शेगडीवर चहा व्हायचा. सगळ्यांना अर्धा अर्धा कप, आणि जिला थंडी वाजते आहे असं त्यांना वाटे तिला जागा शेगडीजवळ. आमच्यापैकी कुणाच्या घरी अभ्यासाला दिवा नव्हता, कुणाच्या घरी बसायला कोपरा नव्हता, हे सरांना माहीत होतं. ते घरी येऊन पाहून जायचे. त्या काळात मास्तर घरी येणं म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. मामी लगबगीने खाटेवर चादर टाकायची.

मी मामाकडे राहत होते. गाव काटोलकडे, गावात शाळा सातवीपर्यंत. माझ्या आईने भावाला गळ घातली आणि मामा मला घेऊन आला. बोलणं असं झालं होतं, की मार्चमध्ये मॅट्रिक, जूनमध्ये अध्यापिका विद्यालयात नाव, तिथल्याच वसतिगृहात राहायचं. मार्च हुकला तर गाव. मामाच्या दोन खोल्यांत त्याचीच पोरं मावत नव्हती, त्यामुळे त्याच्यावर चिडायची सोय नव्हती. मला शिकवायचं होतं. दुसरं काही होण्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ढोक सर फळा पुसायचे तसा मी घरी दाराच्या मागची भिंत पुसून बघायचे, आणि मामी म्हणायची, "अवं, रंग निंगून जाईन नं भितीचा."

आता त्या 'न' विषयी.

ढोक सरांचा एक नियम होता. चाचणीत जे येत नाही त्यावर थापा मारायच्या नाहीत. जागा कोरी सोडायची आणि समासात 'न' लिहायचा. बस. पहिल्या दिवशी त्यांनी हे सांगितलं तेव्हा वर्ग गोंधळला.

"न म्हणजे नाही येत, असं का सर?" प्रमिलाने विचारलं. ती माझ्या शेजारी बसायची, गांधीबागेतल्या कापडवाल्याची मुलगी, तोंडाने फटकळ.

"न म्हणजे नंतर," सर म्हणाले. "आज नाही येत, नंतर येईन. तुम्ही थापा मारल्या तं मले काय समजन कोणाले कुठी अडलं? डॉक्टरले पोट दुखते म्हणून सांगा लागते नं? तसं हे."

तपासलेले पेपर हातात आले की आम्ही गुण नंतर बघायचो, आधी आपल्या 'न'पुढे सरांनी काय लिहिलंय ते बघायचो. 'मंगळवारी सकाळी ये.' 'हे सोपं आहे, घाबरू नको.' 'प्रमिलाला येतं, तिच्याजवळ बस.' वर्गसमीकरणं अडलेल्यांचा एक घोळका, इंग्रजीतल्या अप्रत्यक्ष कथनात अडलेल्यांचा दुसरा, अशी सकाळची वाटणी त्या 'न'वरून व्हायची. आणि खरंच, डिसेंबरात जिथे मी 'न' लिहिला तिथे जानेवारीत उत्तर लिहिलं. आपल्याला न येणारी गोष्ट कागदावर लिहून कुणाच्या तरी हातात द्यायची आणि त्याने ती हसण्यावारी न नेता परत शिकवायची, याहून मोठं सुख मला पुढे फार मिळालं नाही. हे मी आज रागात असतानाही लिहिते आहे, म्हणजे ते खरं असणार.

प्रमिलाने मात्र तो नियम कधी मानला नाही. "मले पान कोरं पाहवतच नाही," ती म्हणायची आणि सुचेल ते लिहून पान भरायची. सर तिला रागवायचे. "तुले काय येते न काय नाही येते, हे ब्रह्मदेवालेही समजायचं नाही वं पोरी." आम्ही हसायचो. आम्ही सगळ्या तिच्यापेक्षा प्रामाणिक होतो, याचा आम्हाला गर्व होता.

जानेवारीच्या शेवटी टेस्ट आली. मॅट्रिकच्या आधीची शाळेची शेवटची परीक्षा. संक्रांतीचे तिळगुळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते. सकाळच्या वर्गात सर शेगडीवर हात शेकत म्हणाले, "टेस्टलेही तसंच लिहा. अगदी खरं. शंका असली तरी 'न' टाका. मले पाहू द्या कुठी कच्चं राहिलं. महिना आहे अजून हातात, सगळं पक्कं करून घेऊ."

मी तसंच लिहिलं. बीजगणिताच्या पेपरात एक उदाहरण होतं, त्याच्या पहिल्या दोन ओळी मला येत होत्या, पुढचं धूसर होतं. लिहिल्या असत्या तर दोन ओळींचे गुण मिळाले असते. हात टाकावर थांबला होता. मग वाटलं, दोन ओळी बघून सरांना वाटेल हिला येतंय, आणि मग ते शिकवायचे नाहीत. म्हणून मी त्या ओळी लिहिल्या नाहीत. समासात नीट, वळणदार 'न' काढला. इंग्रजीतही तसंच केलं. शेजारी प्रमिलाचा टाक न थांबता कुरकुर करत चालला होता.

निकाल सांगायला मुख्याध्यापक आले, तेव्हा खाली आरा थांबत थांबत चालत होता. त्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो. ते कोट घालत आणि शुद्ध बोलत. त्यांनी काही नावं वाचली. माझं नाव आलं नाही, प्रमिलाचं आलं. मग ते म्हणाले, "ही मुलं शाळेतर्फे बसतील. उरलेल्यांना यंदा पाठवता येणार नाही. त्यांनी ऑक्टोबरला बाहेरून बसावं."

मागच्या बाकावरच्या एका मुलाने उठून विचारलं, "बाहेरून म्हणजे व्हरांड्यात का सर?"

कुणीतरी खुसकन हसलं. तो मुलगा खरंच विचारत होता. आम्हाला व्हरांड्यात बसायची सवय होती. वर्गात ऊन आलं की आम्ही सतरंजी घेऊन व्हरांड्यात जायचो. मोठ्या सरांनी त्याला सांगितलं, की बाहेरून म्हणजे प्रायव्हेट, म्हणजे शाळेचा संबंध नाही. शाळा प्रायव्हेट होतीच, आता आम्हीही झालो, एवढंच मला त्या क्षणी सुचलं. अशा वेळी माणसाला भलतंच काहीतरी सुचतं.

मी उभी राहिले. माझ्यात एरवी एवढी हिंमत नव्हती. म्हटलं, "सर, मला बरंच येतं. ते 'न' म्हणजे नंतर. आमची तशी पद्धत आहे. ढोक सरांना विचारा."

मोठ्या सरांनी गठ्ठ्यातून माझा पेपर काढला आणि वर्गाकडे तोंड करून धरला. "हे बघा. न, इथे न, खाली पुन्हा न. ही मुलगी स्वतःच लिहून देते आहे की मला येत नाही. आम्ही आणखी काय तपासायचं? न म्हणजे नापास. यंदा संस्थेला कायम मान्यता मिळायची आहे. निकाल पैकीच्या पैकी लागायला हवा."

खाली आरा पुरता थांबला. जेवणाची सुटी झाली होती. आमच्या तोंडी परीक्षेची शांतता पसरली. ढोक सर दाराशी उभे होते, हातात डस्टर. मी त्यांच्याकडे बघितलं, माझ्यासारख्याच आणखी काही जणींनी बघितलं. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं. एवढ्या शांततेत ते अगदी हळू बोलले असते तरी सगळ्यांना ऐकू आलं असतं.

"मोठे सर म्हणतात तेच," ते म्हणाले. आणि डस्टर टेबलावर ठेवून जिना उतरून गेले.

घरी मी मामीला सांगितलं. मामी ज्वारीचं पीठ चाळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि चाळणी बाजूला ठेवली. "म्हंजे जे खोटं बोलले थे पास, अन् तू खरं बोलली म्हून घरी? हे कोन्ती शाळा वं बाई?" मामीला मॅट्रिक म्हणजे काय हे धड माहीत नव्हतं, पण मुद्दा तिला बरोबर कळला होता. मी रडले नाही. मला अजून वाटत होतं की संध्याकाळपर्यंत काहीतरी होईल, ढोक सर मोठ्या सरांशी बोलतील, चूक झाली म्हणून सांगायला येतील.

ते आले खरे. सायकल भिंतीला टेकवली, चादर टाकलेल्या खाटेवर बसले. मामी दारातच उभी राहिली.

"ऑक्टोबरले बसवू तिले," सर म्हणाले. "मी आहे नं. मी शिकवीन."

"कुठी शिकवान?" मामीने विचारलं. "शाळेत तं पाय नाही ठेवू देनार तिले. अन् ऑक्टोबरपावेतो पोट्टी ठेवू कुठी? तिच्या मामानं मार्चची जबान देल्ली व्हती."

सर चहा प्यायले. कपातली साय बोटाने काढून बशीच्या कडेला लावली. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू हुशार आहे. मनाले लावून नको घेऊ." मला वाटलं, ते आणखी काही म्हणतील. पण ते उठले. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी तो ठेवू दिला.

मामाने मला काटोलच्या एसटीत बसवून दिलं. त्यालाही वाईट वाटत होतं. गाडी हलेपर्यंत तो खिडकीची चौकट धरून उभा होता. बाहेर सगळा रस्ता पळसाने लाल झालेला होता आणि मला तो रंग बघवत नव्हता.

त्या वर्षीचा मार्च गावात गेला. हरभरा खळ्यावर आला होता, गहू कापणीला. सोंगताना हाताला गव्हाची कुसं टोचायची आणि संध्याकाळी अंगभर खाज सुटायची. मॅट्रिकचं वेळापत्रक मला पाठ होतं. आज इंग्रजी, आज बीजगणित. हरभऱ्याचे घाटे सोलता सोलता मी मनात उदाहरणं सोडवायचे. ते धूसर उदाहरण, दोन ओळींपुढचं, मला एका दुपारी खळ्यावर बसल्या बसल्या सुटलं. वही नव्हती, काडीने मातीत लिहिलं. उत्तर बरोबर आलं होतं आणि ते दाखवायला आसपास कुणी नव्हतं. आईने विचारलं, "काय करून राहिली वं?" मी पायाने पुसून टाकलं.

पुढे एका लग्नात प्रमिला भेटली, तिच्याकडून कळलं. शाळेचा निकाल पैकीच्या पैकी लागला, मान्यता कायम झाली, पेढे वाटले गेले, ढोक सरांचा हार घालून सत्कार झाला. प्रमिला म्हणाली, "तूही राहिली असती तं पास झाली असती वं." तिच्या मनात काही वाईट नव्हतं.

मी मॅट्रिक झाले. दोन वर्षांनी, काटोलहून, बाहेरून. तोवर लग्न ठरलं होतं. अध्यापिका विद्यालय राहून गेलं. आता नागपुरातच, सदर भागात एका कचेरीत आहे, आवक-जावक बघते, पगार वेळेवर होतो. माझं वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही आणि मीही म्हणत नाही. पण दुपारी शाळा सुटते त्या वेळी कचेरीच्या खिडकीखालून पोरींचा लोंढा जातो आणि त्यांच्यामागून एखादी बाई छत्री घेऊन चाललेली असते. तेव्हा मी हातातलं काम थोडा वेळ खाली ठेवते.

नापास होण्याचं दुःख मला कळतं. ते सरळ असतं, माणूस रडतो आणि उठतो. मला कच्ची म्हटलं याचाही राग नाही; होतेच मी काही ठिकाणी कच्ची. पण 'मोकळेपणाने सांग, मी आहे' असं म्हणून कुणी आपल्याकडून आपलं दुखणं काढून घ्यावं, आणि मग तेच दुखणं दाखवून आपल्याला दाराबाहेर काढावं, याला काय म्हणायचं? शेगडीजवळची जागा, तो अर्धा कप चहा, 'घाबरू नको' ही अक्षरं, सगळं त्या एका दुपारनंतर नासलं. आमच्या कचेरीत साहेब वर्षातून एकदा सगळ्यांना बोलावतात आणि म्हणतात, कामात काय अडचणी येतात त्या मोकळेपणाने सांगा. बाकीचे सांगतात. मी म्हणते, काही नाही साहेब, सगळं ठीक आहे. नवऱ्यालाही माझं सगळं सांगून झालेलं नाही. माझ्या पेपरात त्या दिवसापासून कोरी जागा नाही, मी प्रमिलासारखं पान भरून टाकते.

एक गोष्ट मात्र मी इतकी वर्षं ढोक सरांच्या बाजूने जमा धरली होती. त्यांना आधी माहीत नसणार. ते भित्रे निघाले, नोकरीला घाबरले, लहान शाळेत मोठ्या सरांपुढे कोण बोलणार. पण टेस्टच्या आधी शेगडीवर हात शेकत 'अगदी खरं लिहा' म्हणाले तेव्हा ते मनापासून म्हणाले होते. एवढं मी धरून ठेवलं होतं. माणसाला काहीतरी धरून ठेवावंच लागतं.

गेल्या आठवड्यात ते भेटले. सदरच्या बाजारात, संत्र्याच्या गाडीपुढे. मी कचेरीतून निघाले होते. एक वाकलेला म्हातारा फळं दाबून बघत होता आणि गाडीवाला वैतागला होता. मफलर तसाच. मी काही विचार करायच्या आत वाकले आणि दोन्ही हातांनी पायांना स्पर्श केला. शरीराला सवय असते. भर रस्त्यात, लोक बघत असताना.

त्यांनी ओळखलं. नावासकट. "सुखी राहा," म्हणाले. "मॅट्रिक झाली नं वं शेवटी? मले माहीत होतं तू होशीन. मास्तरीण झाली काय?"

"नाही. कचेरीत आहे."

"चांगलं आहे, चांगलं आहे. तुमची बॅच मोठी गुणी होती."

मग मी विचारलं. सांभाळून, जणू सहज आठवलं म्हणून. "सर, टेस्टच्या आधी तुम्हाला माहीत होतं का, की त्या पेपरांवरून आम्हाला गाळणार आहेत?"

मला वाटलं होतं ते गडबडतील. ते जराही गडबडले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला, जुनी गोष्ट कुणीतरी आस्थेने विचारली म्हणून.

"होतं नं," ते म्हणाले. "संस्थेनं दिवाळीतच सांगितलं होतं, कच्चे असतीन थे बाजूले काढा. मी रात्र रात्र झोपलो नाही वं. कोणाचं नाव मी कसं देऊ? सगळे माहेच पोट्टे. मंग म्हटलं, त्याहीलेच खरं लिहू द्या. तुम्ही लिहून देल्लं तं मले बोट नाही दाखवा लागलं कोणावर. माह्या हातून अन्याय नाही झाला, हे एक समाधान आहे बाप्पा."

आणि त्यांनी पिशवीतून एक संत्रं काढून माझ्या हातात ठेवलं.

मी घरी येईपर्यंत बसमध्ये उभी होते. जागा रिकामी होती तरी बसले नाही. संत्रं मी उतरताना शेजारच्या बाईच्या मुलाला देऊन टाकलं. त्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न एवढाच होता, की नमस्कार मी आधीच करून बसले होते, आणि तो परत घेता येत नाही.